आधी उसवा

आज क्रोशाची सुई कुणीही हातात घ्यायची नाही. पिशव्या बाजूला ठेवा, गुंडे आत टाका, मोबाइल पालथे करा आणि ऐका. मुलींनो म्हणते आहे. तुमच्यातल्या दोघी आज्या आहेत हे मला माहीत आहे, पण या सतरंजीवर बसल्यावर सगळ्या मुलीच. आणि तो एक मुलगा आहे कोपऱ्यात, त्यानेही ऐकावं. त्याचं टाक्यांचं गणित तुमच्या सगळ्यांपेक्षा बरं आहे, म्हणून त्याला आज थोडी कमी बोलणी बसतील. सूट मात्र नाही.

मागच्या आठवड्यात तुमच्या शाली मी घरी नेल्या. पलंगावर एकेक पसरली, उलट-सुलट करून पाहिली, मोजली. आणि एक वाक्य माझ्या कानात वाजत राहिलं, जे तुम्ही आळीपाळीने मला ऐकवत असता : "चालून जाईल हो बाई, अंगावर घेतल्यावर कुणाला दिसतंय?" मला दिसतंय. तुम्हालाही दिसतंय, नाहीतर दाखवताना तेवढाच भाग तुम्ही बरोबर हाताखाली धरला नसता.

खिडकीपाशी बसलेली तू. तुझी त्रिकोणी शाल घेते पहिली, कारण तिच्यात वर्गाची सगळी दुखणी एका जागी आहेत. साधी वीण. वरून सुरुवात, मधे कोपरा, तीन-तीन खांबांचे गट, दोन्ही कडांना वाढ आणि मधल्या कोपऱ्यात वाढ. या शालीचं गणित चौथीतल्या पोराला येईल. पहिल्या ओळीत दोन गट, दुसरीत चार, तिसरीत सहा. ओळीचा आकडा दुप्पट केला की गटांचा आकडा. दहाव्या ओळीला २०, विसाव्या ओळीला ४०. पाठ करायचं नाही की लिहून ठेवायचं नाही, नुसतं दुप्पट करायचं. तरी अकराव्या ओळीत २२ ऐवजी २१ गट आहेत. शेवटच्या घरात गट घालायचा राहिला आणि तू सरळ कडेचा खांब घेऊन वळलीस. बोलत होतीस कुणाशी तरी. मला आठवतंय कुणाशी, पण ते जाऊ दे.

गट राहिला याचा मला राग नाही. माणसाचा हात आहे, राहतो. राग पुढच्याचा आहे. बाराव्या ओळीला तुला कळलं होतं. तूच मला म्हणालीस की "तेव्हाच जरा शंका आली होती". शंका आली आणि तू पुढे विणत गेलीस! तेरावी, चौदावी, सतरावीपर्यंत. मग अठराव्या ओळीत काय केलंस? एका पंखाच्या मधोमध एकाच घरात दोन गट कोंबलेस आणि आकडा ३६ वर आणून बसवलास. मोजलं की बरोबर! पण शाल पसरली की अकराव्या ओळीला कडेवर खाच दिसते, अठराव्या ओळीपाशी झोळ येतो, आणि मधलं टोक पाठीच्या मध्यावर न येता डाव्या कुशीकडे सरकतं. गल्ल्यात पैसे कमी पडले म्हणून खतावणीत आकडा फिरवणाऱ्या मुनिमासारखं हे झालं. हिशेब जुळला, पैसे काही आले नाहीत.

आता त्याची किंमत ऐक, तुझ्यासमोर मांडते. बाराव्या ओळीच्या शेवटी थांबून उसवलं असतंस तर दोन ओळी, मिळून ४४ गट. चहा उकळेपर्यंत उसवून झालं असतं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा विणून. आज तू सव्विसाव्या ओळीवर आहेस. अकरावीपासून सव्विसावीपर्यंत गटांची बेरीज ५८५. प्रत्येक गटात तीन खांब, म्हणजे सतराशे पंचावन्न खांब. एवढं सगळं उसवायचं आहे, आणि तू ते उसवणार आहेस. वर्गात, माझ्यासमोर. रडायचं असेल तर रडत रडत उसव, पण धागा ओढताना हिसके देऊ नकोस, लोकर तुटते.

उसवायचं म्हटलं की तुमचे चेहरे असे होतात जणू मी दागिने गहाण टाकायला सांगितले. कशाला एवढी भीती? दोन सुयांवर विणणाऱ्या बायकांनी उसवायला घाबरावं, ते मी समजू शकते. त्यांच्या सुईवर एका वेळी दीडशे-दोनशे जिवंत फासे असतात. सुई काढली की सगळे मोकळे, एखादा निसटला तर थेट खालपर्यंत शिडी पडते आणि तो उचलून आणता आणता जीव मेटाकुटीला येतो. क्रोशात तसं काही आहे का? आपल्या सुईवर शेवटचा एकच फास असतो. बाकी प्रत्येक टाका विणता विणताच बंद होऊन मागे गेलेला असतो. फास सुईवरून काढा, धागा ओढा, हव्या त्या टाक्यापाशी थांबा, पुन्हा सुई घाला. काम ठेवून उठायचं असेल तर त्या एका फासात सेफ्टी पिन अडकवा, संपलं. विणकामाच्या एवढ्या तऱ्हा आहेत, पण उसवायला याच्याइतकं सोपं मला तरी दुसरं ठाऊक नाही. आणि नेमकं हेच शिकलेल्या तुम्ही उसवत नाही!

उसवलेली लोकर वाकडीतिकडी होते ही तुमची पुढची सबब. होते. तिची लडी करा, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून. चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत टांगा. खरी लोकर असेल तर दुसऱ्या दिवशी सरळ. अ‍ॅक्रिलिकची वळणं तेवढी जात नाहीत, पण विणल्यावर कळत नाहीत.

उसवायला खरोखर त्रास देतो तो मोहेरचा धागा. अंगोरा जातीच्या शेळ्यांचे ते लांब मऊ केस एकमेकांत असे गुंततात की ओळ सोडवता सोडवता धागा तुटतो. म्हणून मी सांगितलं होतं की पहिली शाल मोहेरची घ्यायची नाही. दुकानात हात फिरवला, मऊ लागलं, घेतलं! त्या दोघी कोण ते मी सांगत नाही, त्या आत्ता सतरंजीकडे बघत आहेत. तो धागा बांधून कपाटात ठेवा. दोन शाली होऊ देत, मग काढा.

आता नमुना. नमुना कुणी कुणी विणला होता, हात वर करा. बघा! एक हात, तोही कोपऱ्यातून. "बाई, नमुन्यात लोकर वाया जाते." अगं, नमुना म्हणजे पंधरा सेंटीमीटरचा एक चौकोन. त्याच लोकरीचा, त्याच सुईचा, त्याच विणीचा. तो धुवायचा, वाळवायचा आणि मग मधले दहा सेंटीमीटर मोजायचे, कारण कडेचे टाके नेहमी खोटं बोलतात. विणीत लिहिलंय दहा सेंटीमीटरला १५ खांब. तुझा हात घट्ट, तुझे येतात २०. आता २२५ खांबांची लांबट शाल विणायला बस. पुस्तकात ती दीड मीटर होते, तुझी होईल एकशे साडेबारा सेंटीमीटर. ती शाल नव्हे. एका खांद्यावर घेतली तर दुसरा उघडा. आणि हे तुला कधी कळणार? शाल पुरी झाल्यावर. वीस मिनिटांचा चौकोन वाचवायला महिना घालवायचा, याला काटकसर म्हणतात का?

घट्ट हाताचं दुसरं लक्षण सुईत आहे. चार पदरी लोकर आणि अडीच मिलिमीटरची सुई! तोरणं आणि टेबलावरचे रुमाल विणून हात बसलेला, म्हणून शालही तशीच कसून विणायची. ती शाल मी उभी केली तर ती उभी राहते. जाळीच्या शालीला सळ पडायला हवेत, ती खांद्यावरून ओघळायला हवी. त्यासाठी त्याच लोकरीला चार, साडेचार, वेळ आली तर पाचची सुई घ्यायची. फास सैल, खांब उंच, साखळीत दम. आणि सुरुवातीची साखळी एक नंबर मोठ्या सुईने घालायची. नाहीतर वरची कड आखडते आणि शाल मानेपाशी आवळून बसते. बरं, सैल म्हणजे ढगळही नव्हे. भोकं एवढी मोठी की त्यातून अंगठा आरपार जातो, आणि मग तक्रार की शालीत थंडी वाजते. ऊब येते ती धाग्याच्या केसांत अडकून राहिलेल्या हवेमुळे. हवा अडकायला जागा लहान हवी. नाशिकला राहता तुम्ही. निफाडचा पारा जानेवारीत कुठवर उतरतो हे दरवर्षी पेपरात वाचता. पहाटेच्या त्या गारठ्याला नुसती नक्षी पुरत नाही.

लोकर घेताना तुम्ही दुकानदाराला विचारता काय? "तीनशे ग्रॅम द्या." वजनावर काय कळतं? कांदे घेताय का? बारीक धाग्याचा शंभर ग्रॅमचा गुंडा सुमारे चारशे मीटर भरतो. जाडजूड धाग्याचा तेवढ्याच वजनाचा गुंडा शंभर-सव्वाशे मीटरमध्ये संपतो. म्हणजे तीनशे ग्रॅमला एकीच्या हाती बाराशे मीटर आले आणि दुसरीच्या हाती जेमतेम साडेतीनशे. मीटर विचारा. गुंड्याच्या पट्टीवर छापलेले असतात. त्याच पट्टीवर रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा, नंबर असतो, तो सगळ्या गुंड्यांवर एकच आहे का ते बघा. रंग तोच, नंबर वेगळा असेल तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात आणि अंगणातल्या उन्हात शालीला पट्टा पडतो.

मधल्या रांगेतली, तुझं हेच झालं. पण तुझी चूक पट्टी न वाचण्याच्या आधीची आहे. तू म्हणालीस, "चाळीस ओळींची शाल, वीस झाल्या, निम्मी लोकर संपली, म्हणजे बरोबर पुरेल." वरून खाली विणलेला त्रिकोण आहे तो! ओळ दर वेळी लांबत जाते. पहिल्या वीस ओळींत मिळून ४२० गट. चाळीस ओळींत १६४०. म्हणजे निम्म्या ओळींना तुझी पाव शाल झाली, आणि त्या पाव शालीत तू निम्मी लोकर खाल्लीस. मग धावतपळत दुकान, मग दुसऱ्या नंबरचा गुंडा, मग तो पट्टा, मग "बाई, ही डिझाइनच आहे असं म्हणू का?" नाही म्हणायचं. दोन गुंडे घेऊन आलटून पालटून दोन-दोन ओळी विणल्या असत्या तर रंग एकमेकांत मिसळला असता. पण तेही आधी सुचायला हवं, आणि आधी सुचण्यासाठी आधी मोजायला हवं.

आता चित्रं. गेल्या महिन्यात चौघींनी मला मोबाइलवर चित्रं दाखवली की अशी शाल हवी. त्यातली दोन चित्रं दोन सुयांच्या विणकामाची होती. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडची बेटं आहेत, तिथल्या बारीक लोकरीच्या शाली इतक्या पातळ की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढतात. रशियात ओरेनबर्गच्या शाली तशाच, शेळीच्या आतल्या मऊ केसांच्या. दोन्ही सुंदर, आणि दोन्ही विणकाम, क्रोशा नव्हे. क्रोशाचा खांब हा जाडच असतो, धागा त्यात दोन-तीनदा गुंडाळला जातो. तेवढ्याच जागेला आपली लोकर जास्त लागते आणि अंगठीतून काढायची आपली शाल नाही. आपल्याला जे येतं ते त्यांना येत नाही : उंच-बुटके खांब शेजारी उभे करणं, कमानी, पंखे, अननस, मनात येईल तिथून वळणं. ते करा की.

तिसरं चित्र तर कुणी विणलेलंच नव्हतं. संगणकाने काढलेलं होतं. मी भिंग लावून पाहिलं. एक खांब वर जाता जाता विरून जातो, फुलाच्या एका बाजूला सहा पाकळ्या आणि दुसऱ्या बाजूला साडेसात, आणि कडेच्या ओळीला सुरुवात नाही की शेवट नाही. जगातल्या कुठल्याही सुईवर तो टाका पडत नाही. आणि तू पंधरा दिवस तो विणायचा प्रयत्न करत होतीस आणि "माझाच हात वाईट" म्हणत होतीस. हाताला दोष देण्याआधी चित्रातली एक ओळ बोट ठेवून वाचून बघायची. वाचता येत नसेल तर विणता येणार नाही.

चौथीने चित्र बरोबर निवडलं होतं आणि गोंधळ वेगळाच घातला. वीण इंग्लंडमधल्या पुस्तकातली आणि व्हिडिओ अमेरिकेतला. आपला मुका खांब अमेरिकेत 'सिंगल' आणि इंग्लंडमध्ये 'डबल'. आपला खांब अमेरिकेत 'डबल' आणि इंग्लंडमध्ये 'ट्रेबल'. पुस्तक कुठलं हे पहिल्या पानावर बघायचं. न बघता सुरू केलं, म्हणून निम्मी शाल बुटकी आणि निम्मी उंच झाली, आणि अननसाचं झालं सीताफळ.

अननसावरून आठवलं. तुम्हाला सगळ्यांना अननसाची शाल हवी असते. खाली खांबांचा पंखा, त्यावर साखळीच्या कमानी, आणि दर ओळीला एक कमान कमी करत करत शेवटी एकच कमान उरेपर्यंत वर जायचं. तुम्ही तीन कमानींवर कंटाळता आणि पुढच्या अननसाला हात घालता. मग टोक येत नाही, बुडखा येतो. एकीने मला विचारलं, "बाई, दोन ओळी कमी केल्या तर काय होतं?" जे झालंय ते तुझ्या मांडीवर आहे, बघ.

गाठींचं मी थोडक्यात सांगते, कारण याबद्दल दर बॅचला बोलून माझं तोंड दुखतं. जाळीच्या शालीत मधोमध गाठ मारायची नाही. नवा गुंडा जोडायचा तो कडेला, किंवा भरीव गटाच्या आत, जिथे टोकं लपवायला जागा आहे. दोन्ही टोकं दहा-दहा सेंटीमीटर सोडायची आणि दाभणाने एकदा इकडे, एकदा उलट्या दिशेने फिरवायची. खरी लोकर असेल तर दोन टोकांचे पदर उकलून, ओली करून तळहातावर चोळली की एकजीव होतात. अ‍ॅक्रिलिकचं तसं होत नाही, ते कितीही चोळा. तुम्ही मात्र गाठ मारता आणि वर कात्रीने जवळून कापता. एका धुण्यात सुटते. मग शाल माझ्याकडे आणता, जणू मीच सोडली.

आणि धुणं! शाल विणून झाली म्हणजे झाली असं तुम्हाला कुणी सांगितलं? सुईवरून उतरलेली जाळीची शाल ही चुरगळलेल्या जाळ्यासारखीच दिसायची. तिची नक्षी उघडते ती ताणून वाळवल्यावर. रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य साबणाच्या गार पाण्यात अर्धा तास ठेवा. उचलताना दोन्ही हातांखाली घेऊन उचला, टोकाला धरून लोंबवू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग गादीवर चादर, चादरीवर शाल, आणि न गंजणाऱ्या टाचण्या. आधी मधलं टोक, मग वरची कड दोरी लावून सरळ, मग कडेचा एकेक कंगोरा हाताने ओढून टाचायचा. तासभर जातो. कंबर मोडते. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. लोकर तो आकार धरून ठेवते, पुढच्या धुण्यापर्यंत.

हे सगळं सांगूनही एकीने काय करावं? अ‍ॅक्रिलिकच्या शालीवर इस्त्री फिरवली. सरळ, टेकवून, कडक. अगं, अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिक. इस्त्री टेकली की धागा चपटा होतो, चकाकतो, लुळा पडतो, आणि जन्मात पुन्हा फुगत नाही. अ‍ॅक्रिलिकला वाफ द्यायची ती दोन बोटं वरून, शाल टाचलेली असताना, आणि हलक्या हाताने. दुकानदार त्यालाही 'लोकर'च म्हणतो, म्हणून पट्टी वाचा, पट्टी वाचा. खरी लोकर हवी म्हणून धनगरांकडून घोंगडीची लोकर आणण्याचा विचारही कुणी बोलून दाखवला होता. दख्खनी मेंढीची ती लोकर आखूड आणि जाडीभरडी; घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, पाऊस झेलते. मानेभोवती जाळीच्या शालीत ती दहा मिनिटं घेऊन दाखवा.

एका शालीबद्दल मी अजून बोलले नाही. ती मागे बसलेली, जी दर वेळी "माझी अगदीच साधी आहे हो" म्हणून शाल पदराखाली घेते. तिच्या शालीत अननस नाही, पंखा नाही. नुसते खांब आणि दोन साखळ्यांची घरं. पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी मोजली, एकही टाका चुकलेला नाही. मधलं टोक मध्यावर आहे. आणि तिच्या लोकरीला एका ठिकाणी उसवल्याची वळणं आहेत, मी बोटांनी ओळखली. छान म्हणणार नाही मी तिला, वरची कड अजून घट्ट आहे. पण ती शाल टाचून वाळवायला घ्या म्हणून मी सांगेन. बाकी एकाही शालीला सांगणार नाही.

आणि आता तिच्याशीच माझं खरं भांडण. मला काल कळलं की शेजारणीने तशीच शाल मागितली आणि तू "दोऱ्याचे पैसे दे फक्त" म्हणालीस. वर हसलीस. कारण काय, तर "बसल्या बसल्या तर होतं".

बसल्या बसल्या! आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजलं आणि माणसं उपाशी मरायला लागली, तेव्हा क्लोन्स गावच्या धर्मगुरूची बायको कॅसांड्रा हँड हिने १८४७ मध्ये तिथल्या बायकांना क्रोशा शिकवायला घेतला. त्या सुईच्या कमाईवर घरं तगली. तेही बसल्या बसल्याच होतं. आपल्या देशात आंध्र प्रदेशात गोदावरीकाठी नरसापूर आहे. स्कॉटिश मिशनऱ्यांनी तिथे एकोणिसाव्या शतकात ही कला नेली, आजही तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या बायका परदेशी जाणारी लेस विणतात, आणि अलीकडे त्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा तुम्ही सगळ्यांनी कान उघडे ठेवून ऐकावा असा आहे : दिवसाचे तास-न्-तास विणणाऱ्या या बायकांना कामगार म्हणत नाहीत, गृहिणी म्हणतात. विणणं हा त्यांच्या फावल्या वेळचा चाळा समजला, की मजुरी कवडीची ठेवता येते. व्यापारी तसं समजले, घरातले पुरुष तसं समजले, आणि बायकाही तसंच समजून बसल्या.

बाजारात क्रोशाची शाल स्वस्तात मिळते असं मला सांगू नकोस. विणकामाची यंत्रं आहेत. खरा क्रोशा विणणारं यंत्र कारखान्यांत अजून नाही. मशीनवर निघतात त्या क्रोशासारख्या दिसणाऱ्या जाळ्या. तेव्हा खरी क्रोशाची शाल दुकानात तीन-चारशेला दिसली तर ती यंत्राने स्वस्त केलेली नाही. कुणातरी बाईच्या हातावर फार थोडे पैसे टेकवलेले आहेत, एवढाच तिचा अर्थ. आणि तू त्याहूनही खाली उतरलीस, फुकट!

टाके बिनचूक मोजणारी तू, तास मोजायला काय झालं? आत्ता मोज. घड्याळ लाव, तीन खांबांचा एक गट विण. तुझा हात चांगला आहे, २० सेकंद धरू. चाळीस ओळींच्या शालीला १६४० गट. नऊ तासांच्या वर गेलं, तेही पाणी प्यायला न उठता आणि एकदाही न उसवता. त्यात वरची कड धर, टोकं लपवणं धर, धुणं धर, टाचण्यांचा तो तास धर. घरकामाला येणाऱ्या बाईला तू तासाला काय देतेस? त्याच्याहून कमी धरायचं नाही. लोकरीचे पैसे वेगळे. बेरीज वहीत लिही, खाली रेघ मार. आज संध्याकाळी शेजारणीला फोन कर आणि आकडा सांग. ती म्हणेल, "अय्या, एवढे?" तेव्हा हसायचं नाही, आणि आकडा कमी करायचा नाही.